दुसरी प्रत शोधायला लावल्याबद्दल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये अशी आपली अट आहे, म्हणून हे जाहीर आभारपत्र बिननावाचेच लिहीत आहे. मात्र 2023 च्या सप्टेंबरात एका रात्री पाऊण तास फोनवर थांबून आपण मला, सिस्टिम दुरुस्त झाली तरी चित्रे उलगडणाऱ्या कोडची जुनी, सदोष प्रत संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी राहू शकते, हे जे समजावून दिलेत, ते छायाचित्रांचे संपादन करून पोट भरणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे असल्यामुळे स्वतःपुरते ठेवणे मला योग्य वाटत नाही.

त्या महिन्याच्या 7 तारखेला ॲपलने मॅक संगणकांच्या मॅकओएस या सिस्टिमची 13.5.2 ही तातडीची आवृत्ती दिली होती. चित्रे उलगडण्याचे, म्हणजे फाइल वाचून चित्र उभे करण्याचे, काम करणाऱ्या इमेजआयओ या सिस्टिमच्या घटकात दोष सापडला होता आणि मुद्दाम घडवलेले चित्र नुसते हाताळले गेले तरी त्यातून परका कोड चालू शकत होता. मी ती आवृत्ती लगेच टाकली आणि निर्धास्त झालो. आपल्याला फोन केला तो दुसऱ्याच कामासाठी; बोलण्याच्या ओघात "माझा मॅक आता सुरक्षित आहे" असे मी म्हणालो, तेव्हा आपण विचारलेत, "मॅक झाला हो, पण तुमचा फोटो एडिटर चित्र उघडताना कोणाला विचारतो? सिस्टिमला, की स्वतःच्या खिशातल्या लायब्ररीला?" (लायब्ररी म्हणजे अनेक सॉफ्टवेअरांना वापरता येणारा तयार कोडचा संच.) या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि रोज आठ तास ज्या सॉफ्टवेअरसमोर बसतो त्याच्याविषयी ते नसावे, याची मला लाज वाटली.

त्यावर आपण 2004 मधली विंडोजची हकीकत सांगितलीत. जेपेग फाइलीत टिपणीसाठी एक कप्पा असतो. तो एफएफ एफई या दोन बाइटांनी सुरू होतो आणि पुढच्या दोन बाइटांत त्याची लांबी लिहिलेली असते. लांबीत ते दोन बाइटही मोजले जात असल्याने हा आकडा दोनपेक्षा कमी असूच शकत नाही. कोणी तेथे मुद्दाम शून्य लिहिले, तर विंडोजची जीडीआय प्लस ही लायब्ररी काहीही न तपासता त्यातून दोन वजा करीत असे, आणि ऋण संख्या ठाऊक नसलेल्या त्या हिशेबात उत्तर सुमारे 429 कोटी येई. मग तेवढे बाइट छोट्याशा जागेत ओतण्याचा प्रयत्न होई आणि शेजारची मेमरी तुडवली जाई. (हे ऐकून मी कागदावर वजाबाकी करून पाहिली होती, हे आपल्याला तेव्हा सांगितले नव्हते.)

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2004 मध्ये दुरुस्ती दिली, पण खरी गुंतागुंत पुढेच होती. पिक्चर इट आणि डिजिटल इमेज प्रो ही त्याच कंपनीची चित्र-संपादनाची सॉफ्टवेअरेही बाधित यादीत होती, आणि इतरांची कित्येक सॉफ्टवेअरे ती लायब्ररी आपल्याच फोल्डरात घेऊन येत असत. त्यामुळे सिस्टिमची प्रत बदलली तरी शेजारच्या फोल्डरातली जुनी प्रत जशीच्या तशी राही, आणि संपादनाचे सॉफ्टवेअर चित्र उघडताना तीच वापरी.

2023 मध्ये वेबपी (वेबवरच्या चित्रांचा एक फाइलप्रकार) चित्रांच्या बाबतीत नेमके हेच घडत होते. गुणवत्ता न गमावता साठवलेले वेबपी चित्र उलगडताना लिबवेबपी ही लायब्ररी हफमन कोडची (वारंवार येणाऱ्या मूल्यांना लहान खुणा देण्याच्या पद्धतीची) कोष्टके रचते. मुद्दाम वाकडी घडवलेली फाइल तिला ठरवून दिलेल्या जागेबाहेर लिहायला लावू शकत होती. 1.3.2 या आवृत्तीत हे दुरुस्त झाले, पण ज्या ज्या सॉफ्टवेअरने ती पोटात घेतली होती, त्या प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे बदलणे भाग होते.

आपण सांगितल्याप्रमाणे मी माझ्या फोटो एडिटरच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' निवडले आणि आतल्या फ्रेमवर्क्स फोल्डरात लिबवेबपीची फाइल पाहिली. तिची तारीख आदल्या वर्षाची, म्हणजे दुरुस्तीपूर्वीची होती. "नाव सापडले नसते तरी सुटलो असे समजू नका, पुष्कळदा लायब्ररी मुख्य प्रोग्रॅममध्येच मिसळलेली असते," असे आपण म्हणालात, आणि म्हणूनच मी बाकीच्या सॉफ्टवेअरांच्या निर्मात्यांना सरळ पत्रे लिहून विचारले. फाइलीचे नाव बदलून .jpg केले म्हणून धोका टळत नाही, कारण उलगडणारा प्रोग्रॅम बहुधा आतले सुरुवातीचे बाइट पाहून प्रकार ओळखतो. आणि चित्र न उघडताही नुसती लघुप्रतिमा तयार होताना तेच काम होते, हेही आपल्याकडूनच कळले. रोजचे काम प्रशासकाच्या खात्यावरून करण्याची माझी जुनी खोड त्याच रात्री मोडली, कारण घुसलेल्या कोडला माझ्याइतकेच अधिकार मिळतात, हे आपले वाक्य फार टोचले.

फोटो एडिटरची नवी आवृत्ती आली, तोपर्यंत बाहेरून आलेली वेबपी चित्रे मी बाजूला ठेवली होती. दोन ग्राहकांची कामे त्यामुळे लांबली आणि त्यांनी कुरकुरही केली. आवृत्ती टाकल्यावर मी पुन्हा आत डोकावलो: मुख्य फोल्डरातली फाइल नवी होती, पण चित्रांतला दाणेदारपणा (नॉइज) काढण्यासाठी कधीकाळी घेतलेल्या एका प्लगइनच्या, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरच्या, फोल्डरात लिबवेबपीची आणखी एक जुनी प्रत निवांत बसलेली होती. ते प्लगइन मी काढून टाकले आहे. त्याच्या तोडीचे दुसरे आपल्या पाहण्यात असेल तर अवश्य कळवावे. या वेळी फोन मी फक्त त्यासाठीच करीन.

आपला कृतज्ञ,
एक छायाचित्र-संपादक