फादर्स डे आणि मत्तयाचा दहावा अध्याय

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

ईस्टरनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याचं फार वाईट वाटतं. तुझं मार्चचं पत्र अजून माझ्या बायबलात तसंच आहे. इकडे सगळे बरे, साखर आटोक्यात. आता मुद्द्यावर येतो, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही.

यंदा फादर्स डे २१ जूनला. तरुण संघाने बापांना गुलाब द्यायचं ठरवलंय. आणि वाचनमालेत, म्हणजे दर रविवारचे बायबलपाठ ठरवून देणाऱ्या क्रमात, त्याच रविवारी काय आलंय बघ: मत्तय १०:२४-३९. 'माझ्यापेक्षा जो बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही.' जुन्या करारातून उत्पत्ती २१. अब्राहाम पहाटे उठतो, त्याच्या मुलाची आई असलेल्या दासी हागारेच्या खांद्यावर भाकर आणि पाण्याची मसक देतो आणि तिला पोरासकट रानात लावून देतो. कमिटीतून निरोप आलाय की त्या दिवसापुरता पाठ बदला, उधळ्या पुत्राचा घ्या.

मी बदलणार नाही. वाचनमालेत मत्तयाच्या शुभवर्तमानाचं वर्ष तीन वर्षांनी एकदा येतं. जो पाठ अडचणीचा वाटतो तो टाळायची सवय लागली, की हळूहळू पाळकाच्या आवडीची वीस वचनंच मंडळीच्या कानावर पडत राहतात. पण काय सांगायचं याची काळजी आहे, आणि ती रात्री झोपू देत नाही.

सेमिनरीत आपलं यावरच वाजलं होतं. लूक १४:२६ मध्ये येशू म्हणतो, जो आपल्या आईबापाचा द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही. त्या 'द्वेष' शब्दावर मी म्हणत होतो, ही इब्री बोलण्याची धाटणी आहे, 'कमी प्रीती' असा अर्थ घ्या. तू म्हणालास, आधी लोकांना दुखू दे, मग अर्थ सांग. तेव्हा मी चिडलो होतो. आज तुझं पटतं, पण अर्धंच.

कारण दुखतं कुठे, हे नेमकं सापडलं पाहिजे. तलवारीचं वचन घे, मत्तय १०:३४. आपल्या तोंडी 'शांती आणायला नव्हे, तर तलवार चालवायला आलो आहे' असं बसलंय. ग्रीक क्रियापद साधं 'टाकणे' आहे, आणि त्याच वचनात शांतीलाही तेच. तलवार येशूच्या हातात नाहीच. त्याच्या येण्याने घरात जे दुभंगतं त्याला त्याने हे नाव दिलं. लूक तर १२:५१ मध्ये सरळ 'फूट' म्हणतो. आणि अटकेच्या वेळी गेथशेमाने बागेत, मत्तय २६:५२ मध्ये, तलवार म्यानात घालायला सांगणाराही तोच. पुढची ओळ, मुलगा बापाविरुद्ध, मुलगी आईविरुद्ध, सून सासूविरुद्ध, ही मीखा संदेष्ट्याची, ७:६ ची. मीखा तिथे आज्ञा देत नाही, रडतोय. हे सांगितलं नाही, तर ऐकणाऱ्याला वाटतं की घर मोडणं हाच शिष्यपणाचा पुरावा.

(सून-सासू आली की मागच्या बाकांवर खसखस पिकणार, तुझ्या मंडळीतही पिकत असेलच. पिकू दे. पण माणसं मोजून बघ: बाप, आई, मुलगा, मुलगी, सून. लूक सांगतो ती एका घरातली पाच माणसं हीच. सून नांदायला आलेलं घर, आपल्यासारखंच.)

खरी अडचण अशी, की एकाच बाकावर दोन माणसं बसतात. एक, बाप्तिस्म्यानंतर जिला बापाने उंबरा बंद केला अशी बहीण. दुसरा, सभा आणि उपास-प्रार्थनांच्या नावाखाली म्हाताऱ्या बापाचं औषधपाणी टाळणारा भाऊ. पहिलीला हे वचन आधार आहे. दुसऱ्याच्या हातात ते पळवाट होतं. म्हणून १०:३७ बरोबर मत्तय १५ आलंच पाहिजे: 'तुम्हाला द्यायचं ते देवाला अर्पण केलंय' असं आईबापाला सांगणाऱ्यांना तिथे येशू ढोंगी म्हणतो. सगळं वजन 'अधिक' या शब्दावर आहे. बापावर प्रीती करू नका असं तो म्हणतच नाही.

आणि तिसराही एक आहे, त्याचीच मला जास्त भीती. तो चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. त्याला वाटतं, तलवार आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आली, आपलं सगळं सुरळीत आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं त्या घराने काय सोसलं, ते हा माणूस अभिमानाने सांगतो. पण मुलाचं लग्न ठरवताना 'आपल्यातलीच बघा' म्हणणारा बापही तोच. त्या बापाला नाही म्हणणारा मुलगा आज या वचनात उभा आहे. हे व्यासपीठावरून म्हणायचं धाडस करावं असं वाटतं. फुलं वाटून झाल्यावर नाही, आधी.

वाचनाचं असं ठरवलंय. चोवीसपासून पूर्ण वाचायचं. चौतिसाव्यापासून सुरुवात केली की गाडी घसरते, कारण तलवारीच्या आधी तीनदा 'भिऊ नका' आलंय, सव्वीस, अठ्ठावीस आणि एकतीस या वचनांत. एका आस्साला दोन चिमण्या. आस्सा म्हणजे दिनाराचा सोळावा हिस्सा, आणि दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. चिमणीचा भाव किती पडला तो लोकांनीच काढावा. एकतिसाव्यानंतर वाचकाने तीन अंक मनात मोजून थांबायचं. सदतिसाव्याला आवाज खाली आणायचा नाही, तिथे सगळेच लाजून पुटपुटतात. पंचविसाव्या वचनातलं 'बालजबूल', म्हणजे भुतांच्या अधिपतीचं नाव, वाचकाकडून आदल्या दिवशी दोनदा म्हणवून घेणार.

हागारेवर तीनच वाक्यं. अब्राहामाला त्या गोष्टीचं फार वाईट वाटलं, हे अकराव्या वचनात स्पष्ट आहे. देवाने पोराचा आवाज ऐकला. त्या पोराचं नाव इश्माएल, आणि त्या नावाचा अर्थच 'देव ऐकतो'. जास्त बोललो तर संडे स्कूलची मुलं बापाकडे भीतीने बघतील.

एक गोष्ट मात्र मला आत्ताच दिसली, इतकी वर्षं नजरेतून निसटली. मार्क १०:२९ मध्ये 'माझ्यासाठी' काय काय सोडलं याची यादी येशू देतो, त्यात बाप आहे. तिसाव्या वचनात शंभरपट परत मिळतं त्या यादीत घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं आहेत, बाप नाही. त्या बहिणीला हे कसं सांगू? बाप एकच, स्वर्गातला, हे म्हणणं सोपं. पण बाकीची यादी मंडळीने पुरवायची असते. नाताळला तिला घरी कोण नेतं? तिच्या लग्नात बापाच्या जागी कोण उभं राहतं? कमिटीपुढे पाठाऐवजी हा विषय ठेवणार आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीचा दहावीचा निकाल कळला, पेढे राहिले. तुझ्या बदलीचं काय झालं, सविस्तर लिही.

पुढच्या रविवारी, २८ जूनला, तिथूनच पुढची तीन वचनं आहेत, थंड पाण्याच्या पेल्याची. हागारेच्या मसकेतलं पाणी संपल्यानंतर आठ दिवसांनी. हे मी आधीच सांगून टाकू, की आठवडाभर थांबू? शुक्रवारपर्यंत कळव. पाठानंतरचं गीतही सुचव, पेटीवाल्याला सरावाला दोन दिवस लागतात.

तुझा,
मित्र