विषय: 'मूळ डायल' सांगून रंगवलेल्या डायलचे घड्याळ विकल्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

गेल्या महिन्यात मी तुमच्याकडून फेवर ल्युबा 'सी किंग' हे चावीचे घड्याळ १४,५०० रुपयांना घेतले. जाहिरातीत 'मूळ डायल, कुठेही हात लावलेला नाही' असे स्पष्ट लिहिले होते. मशीन उत्तम चालते, वेळही चोख दाखवते. डायल मात्र पुन्हा रंगवलेली आहे.

मी नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालो. छापलेली रेघ तपासण्यातच माझी नोकरी गेली. अशा डायलवरची कारखान्यातली छपाई कोरलेल्या पत्र्यावरची शाई मऊ पॅडने उचलून करतात. त्यामुळे अक्षरांच्या कडा स्वच्छ येतात. तुमच्या डायलवरचे नाव दहापट भिंगाखाली पाहिले, तर शाई कडेने पसरलेली आणि 'ए', 'बी' या अक्षरांच्या पोकळ्या बुजलेल्या दिसतात. वडिलांनी १९६९ साली मुंबईहून आणलेले याच मॉडेलचे घड्याळ माझ्याकडे आहे. दोन्ही शेजारी ठेवली आणि शंका उरली नाही. वडिलांच्या घड्याळात तासाच्या प्रत्येक पट्टीच्या बरोबर मध्यावर मिनिटाची रेघ येते. तुमच्यात ४ आणि ८ जवळ ती सरकली आहे. सहाच्या दोन्ही बाजूंना, अगदी काठाशी 'स्विस मेड' हवे, ते तुमच्या डायलवर नाहीच. काट्यांवर गंजाचे ठिपके आहेत आणि त्यांच्याखालची डायल मात्र कोरी करकरीत.

मेन रोडवरच्या आमच्या जुन्या घड्याळजींनी मागचे झाकण काढून मशीन बाहेर घेतले, तेव्हा डायलच्या कडेला तीनजवळ कानशीने मारलेली खाच दिसली. रंगवणारे डायल पुन्हा नीट बसावी म्हणून अशी खूण करतात. नुसत्या खाचेवरून मी दोष दिला नसता, कारण काही डायलना ती कारखान्यातूनच असते. इथे सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले की जुन्या वस्तूवर डाग असणारच, म्हणून ती परत घेत नाही. अहो, डाग असते तर मी आनंदाने ठेवून घेतले असते! पिवळी पडलेली, ठिपके आलेली मूळ डायल मला हवी होती. त्या डायलसाठीच एवढी किंमत मोजली. रंगवलेली डायल विकणे गुन्हा नाही, पण तसे सांगून आणि त्या भावात विकायला हवी.

पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावी, घड्याळ स्वखर्चाने नेण्याची व्यवस्था करावी आणि जाहिरातीत दुरुस्ती करावी, म्हणजे दुसऱ्या कुणाची फसगत होणार नाही. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकच्या ग्राहक आयोगाकडे, तक्रार दाखल करीन. भिंगातून काढलेले फोटो, पावती आणि जाहिरातीची छापील प्रत सोबत जोडली आहे.

घड्याळ तुमच्याच डबीत बंद करून ठेवले आहे.

आपला,
एक ग्राहक
नाशिक रोड