पहिल्या चुकीला खटल्याआधीच एक वाट द्या

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करतो. 19 वर्षांच्या एका पोरासाठी हे पत्र लिहितोय. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. हा गावात राहून पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावायचा. मित्रांच्या नादी लागून त्याने एका शेतातल्या आखाड्यावरच्या खोलीतून पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर उचलला. दुसऱ्याच दिवशी पोरगा सापडला, स्टार्टरही सापडला. पण तो मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा झाला आणि सोडवायला शेतकऱ्यालाच कोर्टात अर्ज करावा लागला. तोवर गहू सुकत होता. कोर्टाच्या व्हरांड्यात तो शेतकरी मला म्हणाला, "वकीलसाहेब, माझी वस्तू मिळाली. आता त्या लेकराला कामून फिरवायलेत?"

काय सांगणार? चोरी उघड्या रानातून झाली असती, तर दोघांत तडजोड होऊन केस मिटली असती. खोलीतून झाली म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम 305 लागलं, आणि त्यात तडजोड बसत नाही. 5 हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा आहे, पण ती साध्या चोरीच्या कलम 303 पुरती. तीसुद्धा दोषी ठरल्यावर. तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणारा 1958 चा परिविक्षा कायदाही दोषी ठरल्यावरच मदतीला येतो. तोवर भरतीचं वय निघून जातं. पडताळणीच्या फॉर्मात गुन्ह्याचा रकाना असतो. खरं लिहिलं तर अडचण, लपवलं तर त्याहून मोठी.

आता विजेचं बघा. आकडा टाकून वीज चोरणाऱ्याला 2003 च्या वीज कायद्याचं कलम 152 ठरलेली रक्कम भरून खटल्यातून सुटू देतं, एकदाच. मग स्टार्टर उचलणाऱ्या पोराला अशी एक संधी का नको?

दोषारोपपत्र दाखल होण्याआधी हा रस्ता असावा. नुकसान भरून द्यायचं, गावच्या शाळेत किंवा दवाखान्यात ठरलेले तास काम करायचं, सहा महिने परिविक्षा अधिकाऱ्याच्या नजरेखाली राहायचं. नीट पार पडलं, तर खटला नाही. मारहाण, बायकांवरचे अत्याचार, अ‍ॅट्रॉसिटी यांना ही सवलत मुळीच नको. एक भीती मात्र खरी आहे: गावातल्या वजनदार माणसाच्या दबावाने गरीब पोरगं न केलेली चोरी कबूल करेल. म्हणून विधी सेवा समितीचा वकील शेजारी बसल्याशिवाय कबुली घेऊ नये, आणि पुढे काही बिनसलं तर ती कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येऊ नये.

फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. विधानसभेने दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेतली, तर महाराष्ट्रात हे होऊ शकतं. विधेयक आपण आणावं, ही कळकळीची विनंती.

पोराची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. आईबाप तेव्हा फडात असतील. ज्या चुलत्याने सातबारा लावून जामीन घेतला, तोच सोबत येणार आहे.

आपला,
तालुका कोर्टातला एक वकील