कोंडवाड्यातला पाउंड : बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

‘पाउंड’ या शब्दाच्या डोक्यावर तुम्ही पेन्सिलीने बारीकसा २ काढून दिलात, म्हणजे इंग्रजी कोशातली या शब्दाची दुसरी नोंद बघा, त्यासाठी हे पत्र. फोनवर आभार मानले तर ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलाल, म्हणून चारचौघांत लिहितो आहोत.

तो २ नसता, तर १८७१च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या इंग्रजी कायद्याच्या आमच्या भाषांतरात, दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरं चोवीस तासांच्या आत ‘पौंडाकडे’ रवाना झाली असती! आधीच्या मसुद्यात तसंच होतं आणि त्यावर ‘तपासले’ असे दोन शेरेही होते. तपासणाऱ्यांनी कोश उघडला नव्हता असं नाही. पहिली नोंद दिसली, तिथेच मिटला.

पहिल्या नोंदीतला पाउंड लॅटिन ‘पोंदो’चा, म्हणजे वजनाचा. १६ औंस, ४५३.५९२३७ ग्रॅम, आपला जुना रत्तल साधारण तेवढाच. एक पौंड चांदीच्या २४० पेन्या पाडत, म्हणून पैशालाही तेच नाव पडलं आणि ब्रिटनमध्ये तो हिशेब १९७१पर्यंत चालला. दुसरा पाउंड जुन्या इंग्रजीतल्या ‘पुंड’चा, म्हणजे कोंडवाडा. तळ्याला म्हणतात तो ‘पाँड’ याचाच भाऊ, अडवलेलं पाणी. गाडी ‘इम्पाउंड’ होते तीही इथूनच. तिसरा कुटण्याचा. मूळ ‘पूनिअन’, शेवटचा ड मागाहून चिकटला, जसा लॅटिन ‘सोनस’पासून आलेल्या ‘साउंड’ला चिकटला. तिघांचं रूप एक झालं, नातं मात्र काहीच नाही.

नोंदींचे हे क्रमांक कोशागणिक बदलतात, त्यामुळे पाठ करून उपयोग नाही. तुम्ही समासात लिहिलेली खूण जास्त कामाची: शब्दाआधी संख्या असेल तर वजन किंवा पैसा, संख्या नाही, ‘द’ आहे आणि जवळपास गुरं, कुत्री किंवा उचललेली गाडी आहे, तर कोंडवाडा, क्रियापद असेल तर खलबत्ता, हातोडा किंवा धडधडणारं काळीज. मराठीत हे आपण न शिकता करतो. मुलीसाठी ‘वर’ बघायला निघालेला बाप छताकडे बघत नाही.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. तुम्ही लाल शाईने काट मारली नाहीत. ‘कोंडवाडा’ हा शब्दसुद्धा लिहून दिला नाहीत. नुसता २, तोही पुसता येईल असा. ज्याचं चुकलं होतं त्यानेच कोश पुन्हा उघडावा आणि शब्द त्यालाच सापडावा, एवढी जागा तुम्ही ठेवलीत. चूक दाखवताना समोरच्याचा पाणउतारा न करणारी माणसं आहेत अजून, बाई. शेरे मारणाऱ्यांपेक्षा कमी बोलतात, म्हणून चटकन दिसत नाहीत इतकंच.

मसुदा छापायला गेला. तुमचं पान मात्र ठेवून घेतलंय, २ पुसलेला नाही.

आपले,
भाषांतराच्या टेबलावरचे सगळे

ता. क. : ‘कंपाउंडर’मधला पाउंड या तिघांपैकी कुणाचाच नाही, तो लॅटिन ‘कोंपोनेरे’चा, म्हणजे एकत्र ठेवणं, मिसळणं. आणि घराभोवतीचं कंपाउंड बहुधा मलय ‘कांपुंग’चं. या वेळी आम्ही सगळ्या नोंदी वाचल्या.