घराच्या परवान्यावर वसतिगृह कसे चालते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या निवासी वसाहतींमध्ये सुतारांची ठोकठाक सुरू होते. हॉलमध्ये प्लायवूडचे पार्टिशन पडते, गाडी लावायच्या जागेत टेबल-खुर्च्यांच्या रांगा लागतात, गच्चीवर पत्रे चढतात. बघता बघता राहत्या घराची अभ्यासिका, मेस किंवा वसतिगृह होते आणि फाटकावर ‘कॉट बेसिसवर रूम मिळेल’ अशी पाटी लागते. उद्योग भवन परिसरातला ट्यूशन एरिया कधीच अपुरा पडला. आता औसा रोड, अंबाजोगाई रोड, बार्शी रोड अशा सगळ्या दिशांना हे पसरत चालले आहे.

मुले शिकायला येतात याचा मला मनापासून आनंद आहे. नांदेड, परभणी, हिंगोली, धाराशिवच्या खेड्यांतून सोयाबीनच्या पैशावर पोर इकडे पाठवणारे आईबाप मी रोज बघते. त्यांच्याविरुद्ध हे पत्र नाही. इमारतीला एका कारणासाठी परवाना घ्यायचा आणि ती दुसऱ्याच कारणासाठी वापरायची, त्यात कुणाला विचारायची गरज नाही, ही जी समजूत मालकांमध्ये घट्ट बसली आहे, तिच्याविरुद्ध आहे.

कायदा याबाबत गोंधळलेला नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात बांधकामाबरोबरच जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरातला ठळक बदलही येतो. म्हणजे एक वीटही न रचता केलेल्या वापरबदलालाही परवानगी लागते. ती न घेतल्यास कलम ५२ मध्ये दंडाबरोबर तुरुंगवासही सांगितला आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तीही निवासी भागात सगळेच बंद करत नाही. किराणा दुकान, पिठाची गिरणी, शिंपीकाम, राहत्या घरातला डॉक्टरचा दवाखाना किंवा वकिलाची कचेरी यांना तिथे जागा आहे. कुठे किती चालेल, हे बऱ्याच अंशी समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर ठरते. वसतिगृह निवासी भागात नकोच, असे मीही म्हणत नाही. पण एका कुटुंबासाठी मंजूर झालेला नकाशा दाखवून तिथे चाळीस मुले ठेवता येत नाहीत. तेवढ्या माणसांसाठी जिना, पार्किंग, स्वच्छतागृहे, आगीतून सुटायची वाट या सगळ्याचा विचार नव्याने व्हायला हवा.

‘आम्ही व्यावसायिक दराने घरपट्टी भरतो’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. कर भरल्याने वापर नियमित होत नाही. पालिका कर आहे त्या वापरावर घेते. तो वापर योग्य की अयोग्य याचा निवाडा त्या पावतीत नसतो. उत्तर प्रदेशात मेरठच्या शास्त्रीनगरमध्ये निवासी भूखंडावर दुकाने उभी राहिली होती. वर्षानुवर्षे ती तशीच चालली. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम पाडण्याचा आदेश कायम ठेवला. इतका काळ गेला, अधिकाऱ्यांनी डोळेझाक केली, म्हणून बेकायदा गोष्ट कायदेशीर ठरत नाही, असे न्यायालयाने बजावले. लातूरच्या घरमालकांनी हा निकाल जरूर समजून घ्यावा.

मला सर्वांत जास्त भीती तळघरांची आणि गच्चीवरच्या पत्र्यांची वाटते. सुरतच्या सरथाणा भागात २४ मे २०१९ रोजी एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली आणि २२ जणांचे प्राण गेले. मुलांनी खिडक्यांतून उड्या मारल्या, ती दृश्ये अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचे पाणी घुसले आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तिघे जण बुडून गेले. ते तळघर पार्किंग आणि सामान ठेवण्यासाठी मंजूर होते. अभ्यासिका तिथे असायलाच नको होती. वापरबदलाची परवानगी म्हणजे नुसती कागदाची झंझट, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या तीन घरांतल्या आईबापांचा विचार करावा. आपल्याकडे २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. पण जी इमारत कागदावर साधे घर आहे, तिच्याकडे हे प्रमाणपत्र मागायचे कुणाच्या मनात येणार? जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने क्लासमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा असावी, असे मार्गदर्शक तत्त्व दिले. एक चौरस मीटर म्हणजे फार काही मागितलेले नाही. पण पार्टिशनच्या खोल्यांतून फिरून ते मोजलेही पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. मांजरा धरण भरले की आपण ते दिवस विसरतो. वसाहतीचा ले-आउट मंजूर होतो तेव्हा पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था घरांचा हिशेब धरून ठरते. तिथल्या दहा घरांची वसतिगृहे झाली की माणसे कित्येक पटींनी वाढतात. पाईप मात्र तोच, शोषखड्डे तेच. मग बोअर आणखी खोल जातात. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचा बोअर मार्चमध्येच कोरडा पडतो आणि ते टँकरची वाट बघत बसतात. या पाण्याची किंमत वसतिगृहाच्या मालकाला मोजावी लागत नाही, शेजारी मोजतात. वापरबदलाला परवानगी देताना पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण आणि सांडपाण्याची सोय प्रत्यक्ष पाहून खात्री करून घ्यावी, एवढे तरी व्हावे.

आता दुसरी बाजू. खोल्या भाड्याने देणारे सगळेच धनदांडगे नाहीत. कर्ज काढून घर बांधलेले, पेन्शन नसलेले, नवरा गेल्यावर दोन खोल्यांच्या भाड्यावर संसार चालवणाऱ्या बायका, असे कितीतरी आहेत. आपल्या घरात तीन-चार मुलींना ठेवून दोन वेळचे जेवू घालणारी बाई आणि चार मजले कॉटने भरणारा गुंतवणूकदार यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. आणि परीक्षा तोंडावर असताना इमारतींना सील ठोकले तर मुले रस्त्यावर येतील. म्हणून माझी मागणी सरसकट कारवाईची नाही. तळघरातल्या आणि पत्र्याखालच्या अभ्यासिका आजच बंद व्हाव्यात, त्यात मुदत देण्यासारखे काही नाही. बाकीच्यांची प्रभागवार पाहणी व्हावी, कोणत्या रस्त्यावर किती क्षमतेपर्यंत वसतिगृह, मेस, क्लास चालेल याची यादी मराठीत जाहीर व्हावी आणि शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मालकांना परवानगी घ्यायला किंवा वापर थांबवायला वेळ मिळावा.

फक्त ‘पुढे नियमित करून घेऊ’ ही वाट ठेवू नये. गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या जागांच्या बाबतीत, आपण ते अनुभवले आहे. २००१ च्या कायद्यात अशा जागा नियमित करायला १ जानेवारी २००१ पर्यंतची मर्यादा होती, पुढे ती २०२० अखेरपर्यंत सरकली. पोटाला चिमटा काढून गुंठाभर जागा घेतलेल्या माणसाला त्यातून दिलासा मिळाला, ते योग्यच झाले. पण वाट पाहत थांबले की सगळे माफ होते, हा धडा बड्यांनीही गिरवला.

शिस्तीने वसलेले शहर म्हणजे काय हे लातूरला बाहेरून शिकावे लागत नाही. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. सोन्याची दुकाने एकीकडे, चपलांची दुसरीकडे, मिरची-गुळाचा बाजार तिसरीकडे अशी तिथली मांडणी निजामी राजवटीपासूनची आहे. कोणता व्यवहार कुठे, हे ठरवूनच ही बाजारपेठ वाढली.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकतींसाठी तीस दिवस असतात. ती सूचना आतल्या पानात बारीक अक्षरांत येते आणि आमच्यासारख्यांना कळते तेव्हा मुदत टळलेली असते. अशी सूचना निघाली की तिची सोप्या भाषेत बातमी करावी. आणि प्रत्येक वसतिगृहाच्या फाटकावर मंजूर वापर, किती मुलांची परवानगी आणि अग्निसुरक्षा प्रमाणपत्राची तारीख लिहिलेला फलक सक्तीचा व्हावा, हा आग्रह आपण धरावा. गंगाखेडहून किंवा किनवटहून मुलीला सोडायला आलेल्या बापाला ही माहिती अर्ज न करता, दारातच वाचायला मिळाली पाहिजे.

आपली,
एक वाचक, लातूर