थांबलेलं पाऊल की निघालेलं?

प्रिय मित्रा,

तुझ्या कराटेच्या वर्गातल्या फळ्याचा फोटो मिळाला. 'बुदो' म्हणजे जपानी युद्धकला, त्यातल्या 'बु'चा अर्थ तू मुलांना लिहून दिलायस : शस्त्र थांबवणं. आणि वर मला विचारतोस, "चिनी शिकतोयस ना, बरोबर आहे का रे?" आहेही आणि नाहीही. फोनवर भागलं नसतं, म्हणून हे पत्र.

चिनीत याच अक्षराला 'वू' म्हणतात, म्हणजे युद्ध, लढाऊपणा; वूशू या चिनी युद्धकलेतला वू. ते फोडलं की दोन तुकडे निघतात. एक म्हणजे लांब दांड्याला काटकोनात पातं बसवलेलं जुनं शस्त्र. दुसऱ्याचा आजचा अर्थ 'थांबणं'. झाली तुझी बेरीज!

ही बेरीज फार जुनी. 'ज्वोच्वान' या प्राचीन चिनी इतिहासग्रंथात गोष्ट आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये छू राज्याच्या च्वांग राजाने जिन राज्याच्या सैन्याला धूळ चारली. एकाने सुचवलं, शत्रूची प्रेतं रचून टेकाड उभारू, पुढच्या पिढ्यांना पराक्रम दिसेल. राजा म्हणाला, शस्त्र थांबवणं म्हणजे वू. मग वूचे सात गुण मोजले : पहिला हिंसेला आवर घालणं, शेवटचा चक्क समृद्धी वाढवणं. यातला एकही माझ्यात नाही, म्हणाला, आणि नदीला बळी अर्पून, पूर्वजांचं देऊळ बांधून घरी गेला. जिंकलेला माणूस असं बोलतो, हे मला फार आवडलं.

इ.स. १००च्या सुमारास शू शन या चिनी विद्वानाने आपल्या अक्षरांच्या कोशात हेच वाक्य दिलं. पण बिचाऱ्याने चीनमधल्या आन्यांगला सापडलेली हाडं पाहिली नव्हती! औषध म्हणून विकली जाणारी ती 'ड्रॅगनची हाडं' म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचं लेखन आहे, हे लक्षात आलं १८९९ मध्ये. बैलांच्या खांद्याच्या हाडांवर, कासवांच्या कवचांवर कोरलेलं. त्यात तो 'थांबणं'वाला तुकडा म्हणजे सरळ पाऊल आहे, बोटांसकट. पाऊल रोवलं की थांबणं, उचललं की निघणं. वूमध्ये ते निघालेलं आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात : शस्त्र घेऊन मोहिमेवर. आपलं सीमोल्लंघनच की!

म्हणजे राजाने व्युत्पत्ती चुकवली. तरी फळा पुसू नकोस. शेजारी फक्त एक पाऊल काढ आणि पोरांना विचार, हे थांबलंय की निघालंय. काय म्हणतात ते कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
चिनीच्या वहीत अडकलेला