बिनब्रेकची, बिनरंगाची

मित्रा,

तुझं पत्र येऊन पडलं होतं पण उत्तर द्यायला हात मोकळे नव्हते, म्हणजे अक्षरशः नव्हते, ग्लोव्ह्ज काढले की परत नवी जोडी घालावी लागते आणि काम चालू असताना मी कागद, फोन कशालाच हात लावत नाही, का ते पुढे येईल. "सायकल प्रदर्शनात नुसती उभीच राहणार आहे ना, मग एवढी मापं कशाला काढतोयस, दिसायला भारी कर म्हणजे झालं" हे तू लिहावंस? दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर कानाआड केलं असतं, पण आयुष्यभर ट्रॅकवर गोल गोल फिरलेला माणूस असं बोलतो म्हटल्यावर गप्प कसं बसणार.

तर ऐक. ही सायकल तुझ्या मापाची आहे. तुला विचारलं नव्हतं, आता सांगतोय. तुझी सीटची उंची, हँडलपर्यंतचा रीच, पायडलचे १६५ एमएमचे क्रँक, सगळं माझ्या जुन्या वहीत होतंच. कस्टम म्हणायचं आणि कुणाच्याच अंगाला बसत नाही अशा सायकली मी प्रदर्शनांत भरपूर बघितल्यात, सोन्याचा मुलामा काय, कोरीवकाम काय, आणि सीटवर कोण बसणार विचारलं की बनवणारा दुसरीकडे बघतो. नाकापेक्षा मोती जड. मला एक खरा माणूस डोळ्यासमोर असल्याशिवाय एक नळीसुद्धा कापता येत नाही, कारण कुठे कापायची हेच ठरत नाही.

आणि त्यात ट्रॅकची सायकल. हिला ब्रेक नाही, गिअर नाही, केबल नाही, फ्रीव्हील नाही, झाकायला काहीच नाही. वर टायटॅनियम, म्हणजे रंगही नको. स्टीलच्या फ्रेमवर पुट्टी आणि पावडर कोटिंगखाली काय काय खपून जातं ते मला माहितीये, इथे प्रत्येक जोड उघडा, जवळ येऊन कुणीही बघावा. मला हेच करायचं होतं रे, जिथे नुसते जोड आणि प्रमाण दिसेल अशी एक वस्तू.

धातूचं थोडं सांगतो कारण तू विचारलंयस की नळ्या इतक्या जाड का दिसतात. जाड नाहीत, रुंद आहेत, भिंत ०.९ एमएमचीच आहे. टायटॅनियमची घनता ४.५ च्या आसपास, स्टीलची ७.८, म्हणजे वजन जवळपास निम्मं, पण ताठपणासुद्धा जवळपास निम्माच. लोक पहिली गोष्ट ऐकतात आणि दुसरी सोडून देतात. स्टीलच्या मापाच्याच नळ्या घेऊन टायटॅनियमची फ्रेम केली तर ती लवचिक होणार, आणि तुझ्यासारखा उभा राहून स्प्रिंट मारणारा त्यावर बसला तर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस जिथे बसतो ती जागा, डावीउजवीकडे डुलणार. उपाय व्यासात आहे. भिंत तेवढीच ठेवली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो. जुन्या स्टील फ्रेमची डाउन ट्यूब, हँडलकडून पायडलकडे उतरणारी नळी, ३१.८ एमएमची असायची, मी ४४.५ची घेतलीय, हिशोब केलास तर तेवढ्याच भिंतीच्या स्टीलच्या नळीपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त ताठ आणि तरी वजनाला पाचवा हिस्सा कमी. व्यास वाढवला नसता तर ती स्टीलच्या जेमतेम निम्मी ताठ राहिली असती.

नळ्या ग्रेड ९च्या, म्हणजे ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम, हा मिश्रधातू मुळात विमानांच्या हायड्रॉलिक पाइपसाठीचा. मागच्या चाकाचा आस ज्या खाचांत बसतो ते ट्रॅक एंड्स मात्र ग्रेड ५चे, ६ आणि ४वाला, तो जास्त कणखर, नट आवळून आवळून खड्डे पडू नयेत म्हणून.

बॉटम ब्रॅकेट वर का घेतला हे तुला सांगायला नको. रोडच्या सायकलीला ७० एमएमचा ड्रॉप, म्हणजे चाकांच्या आसापासून तेवढा खाली, चालतो, मी ५०चा ठेवलाय. बँकिंगवर, म्हणजे ट्रॅकच्या तिरक्या वळणावर, हळू गेलास की सायकल उभी राहते आणि ट्रॅक उजवीकडून वर चढत येतो, फ्रीव्हील नसल्यामुळे पायडल थांबवता तर येत नाही, मग उजवा पायडल लाकडाला लागला की संपलं. प्रदर्शनातल्या स्टँडवर हे कुणाला दिसणार नाही, मान्य, पण तुला दिसलं असतं.

आता खरी डोकेदुखी सांगतो, मागचं चाक आणि सीट ट्यूब. तुला आखूड चेनस्टे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतच्या नळ्या, आवडतात म्हणून मी ३८५पासून सुरुवात केली. सीट अँगल ७४, टायर २३चा, म्हणजे चाकाची त्रिज्या ३३४. सीट ट्यूब ३५ एमएमची सरळ घेतली तर कागदावर टायर आणि नळीमध्ये जेमतेम दीड एमएम उरतो. दीड! एक खडा चिकटला की नळीवर ओरखडा. अशा वेळी सगळे शो बिल्डर काय करतात माहितीये ना, सीट ट्यूबला चाकाच्या आकाराची खाच मारतात, टायर आत शिरलेला दिसतो, फोटो मस्त येतो. मीही स्केच केलं होतं, खोटं कशाला बोलू, फार देखणं दिसत होतं. पण खाच मारली की गोल नळी गोल राहत नाही, ती बंद करायला आत वाकडा पत्रा वेल्ड करायचा, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त जोर येतो त्याच जागेच्या थोडं वर दोन लांब वेल्ड आणि त्यांची उष्णता. आणि हे सगळं कशासाठी, ५ एमएमसाठी. शेवटी सीट ट्यूब ३१.८ची केली, चेनस्टे ३९०चा, आता साधारण ८ एमएम जागा आहे. बाजूने बघितलं की टायर आणि नळीच्या मधे एक बारीक उजेडाची फट दिसते. मला ती खाचेपेक्षा जास्त आवडते. माझ्याकडे काम बघायला आलेला एक जण म्हणाला की यात "वाऊ" म्हणावं असं काही नाही, मी म्हटलं बरोबर आहे.

फोर्कवरून तू माझ्याशी भांडणार हे गृहीत धरलंय. फोर्क कार्बनचा आहे. टायटॅनियमचा केला असता तर सगळं एका धातूचं दिसलं असतं, पण तो पुरेसा ताठ करायचा तर जड होतो आणि हलका केला तर हँडल ओढल्यावर वळवळतो. ब्रेकचं भोक नसलेला कार्बन फोर्क मिळतो, तोच बसवतोय, विषय संपला.

कापाकापी लवकर उरकली म्हणणार नाही पण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. होल सॉ हळू फिरवायचा, कूलंट भरपूर सोडायचा, कीस साठू द्यायचा नाही कारण टायटॅनियमचा बारीक कीस पेट घेतो, आणि मग कानस घेऊन बसायचं. एका नळीचं तोंड दुसरीवर असं बसलं पाहिजे की मागे दिवा धरला तरी मधून उजेड येऊ नये. स्टीलला ब्रेझिंगमध्ये थोडी फट भरून निघते, इथे फट राहिली की वेल्ड ओढला जातो आणि फ्रेम वाकडी होते. आणि वाकडी झालेली टायटॅनियमची फ्रेम नंतर सरळ करू म्हणशील तर विसर, स्टील वाकवलं तर वाकलेलं राहतं, हे स्प्रिंगसारखं परत येतं. म्हणून जे काय सरळ करायचं ते वेल्डच्या आधी आणि वेल्डच्या क्रमानेच, आधी चारी बाजूंना टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मग थोडं इकडे थोडं समोरच्या बाजूला, मधेमधे सरफेस प्लेटवर ठेवून गेज लावायचा. मागे १२० एमएमचा हब सहज, दाबल्याशिवाय आत गेला त्या दिवशी मी काम बंद करून झोपलो.

आता ग्लोव्ह्जचं. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषतं आणि ठिसूळ होतं. वितळलेल्या ठिकाणीच नाही, नुसतं लाल झालेल्या भागातही, आणि नळीच्या आतूनसुद्धा. म्हणून वेल्डिंगच्या टॉर्चमधून आर्गॉन येतो तो बाहेरून, आणि फ्रेमच्या पोटात वेगळा आर्गॉन सोडायचा, एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बारीक भोकातून बाहेर, आतली सगळी हवा निघून जाईपर्यंत थांबायचं आणि मगच आर्क पेटवायचा. ही थांबायची वेळ जाम जीवावर येते. त्याआधी नळी, फिलर रॉड, सगळं अ‍ॅसिटोनने पुसायचं आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही, बोटाचं तेलसुद्धा वेल्डमध्ये जातं. टायटॅनियम उष्णता फार कमी वाहून नेतं, त्यामुळे वितळलेला थेंब जिथल्या तिथे राहतो, हे चांगलं, पण थंडही सावकाश होतो, म्हणून आर्क विझल्यावर लगेच टॉर्च उचलायची नाही, गॅस तसाच चालू ठेवून थेंबावर धरून बसायचं. हात अवघडतो, नाकाला खाज सुटते, तरी हलायचं नाही.

कसं झालं हे तिथेच कळतं, रंगावरून. चांदीसारखा पांढरा चमकदार आला तर उत्तम. फिका पिवळसर आला तरी चालतो. निळा दिसायला लागला की शंका घ्यायची, आणि राखाडी किंवा वर पांढरी भुकटी आली तर तो जोड कापून काढायचा. गंमत बघ, ज्यांना कळत नाही त्यांना निळाजांभळा वेल्ड जास्त आवडतो, त्याचेच फोटो फिरतात. आणि काही बिल्डर तारेच्या ब्रशने रंग घासून टाकतात, वरून चकाचक, आत काय झालंय ते कुणी बघत नाही. मी कुणाचीही टायटॅनियम फ्रेम हातात घेतली की आधी बॉटम ब्रॅकेटच्या भोकातून बॅटरी मारून जोडाची आतली बाजू बघतो, फार उद्धटपणा आहे हा पण सवय जात नाही. माझ्या फ्रेमलाही कुणी तसंच बघावं म्हणून स्टँडवर ठेवताना सीटपोस्ट काढून शेजारी ठेवायचा विचार आहे.

रंगाबद्दल तुझा हट्ट होता की अ‍ॅनोडाइझ करून इंद्रधनुष्य कर. नाही करणार. ते खरं तर रंग नसतातच, वर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्यातून प्रकाश तसा परततो, व्होल्टेज वाढवत गेलं की थर जाड होतो आणि रंग बदलतो, तीसेक व्होल्टला निळा, साठच्या आसपास पिवळा, पुढे गुलाबी, मग हिरवा, लाल काही केल्या येत नाही. पूर्ण फ्रेम तशी केली की लोक रंगच बघतात, जोड कोण बघतो? बीड ब्लास्ट करून मॅट ठेवलीय, फक्त ट्रॅक एंड्सच्या आतल्या तोंडाला निळा दिलाय, चाक काढल्याशिवाय दिसत नाही. तेवढी चैन मी स्वतःसाठी केली.

स्टेम मात्र टायटॅनियमचाच, स्वतः केलेला. त्याला कारण आहे. १९७२ साली मेक्सिको सिटीत बेल्जियमच्या एडी मर्क्सने तासाचा विक्रम केला, एका तासात ४९.४३१ किलोमीटर, ती सायकल कोल्नागोची, स्टीलची, पण तिचा स्टेम टायटॅनियमचा होता, अमेरिकेतून करून घेतलेला. ट्रॅकवर टायटॅनियम म्हटलं की मला तेच आठवतं. आजचे विक्रम हवा कापणाऱ्या चपट्या नळ्यांवर होतात, आणि माझ्या गोल नळ्या त्यांच्यापुढे हरणार हे मला पूर्ण कळतं. वजनाची शर्यत लावण्यातही अर्थ नाही, यूसीआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची, ६.८ किलोची मर्यादा आहेच, त्याच्या खाली जाऊन शर्यतीत काय मिळणार.

आता तुझ्याकडून एक हवंय आणि लवकर हवंय. गिअर कुठला लावू? ४९×१४ तू पूर्वी वापरायचास, पायडलच्या एका फेऱ्यात साधारण ७.३५ मीटर. पण मधे म्हणाला होतास की आता मोठा गिअर ढकलतोस. तीच चेन ठेवून पुढे एक दात वाढला की अ‍ॅक्सल खाचेत ३ एमएमने पुढे सरकतो, दोन वाढवले तर माझ्या त्या ८ एमएमच्या फटीतले दोनच उरतील, आणि कडी वाढवली तर चाक एकदम १२-१३ एमएम मागे, जिथे खाचच संपते. ५१ म्हणणार असशील तर तसं आधीच कळव, म्हणजे मला चेनची लांबी नव्याने बघता येईल. चेनरिंगची ऑर्डर तुझ्या उत्तरासाठी थांबवलीय, आणि हो, प्रदर्शन संपलं की ती न्यायला तूच यायचंस, पाना घेऊन ये, उलट्या आट्याच्या लॉकरिंगचा, माझा कुणीतरी पळवलाय.

तुझाच